फोन आणि वॉकीटॉकी जोडणारा डबा

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो.

हातकणंगले भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मोबाईल आले होते, पण नदीकाठी रेंज नव्हती. तिथल्या एका पाणीपुरवठा संस्थेचा वायरमन खांबावर काम करताना शॉक लागून गेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुसऱ्या दिवशी, सकाळची हजेरी चालू असतानाच, ठाण्यात फोन आला.

"त्यो अपघात न्हाय. पंपाच्या मोटारवाल्यानं मुद्दाम करंट सोडलाय. मागल्याच आठवड्यात दोघं एकमेकाच्या अंगावर गेलते."

नाव विचारल्यावर फोन ठेवला. निनावी फोनवर मी लगेच विश्वास ठेवत नाही, पण भांडण खरं निघालं आणि माझा संशय पक्का झाला.

नदीवरच्या पंपघरातला मेन स्विच टाकला की पुढच्या सगळ्या खांबांवर वीज पोचायची. पंपघरात मोटार ऑपरेटर वॉकीटॉकी घेऊन बसायचा. सेक्रेटरी पेठ वडगावातल्या घरून संस्थेच्या ऑफिसात फोन लावायचा. तिथला कारकून एका डब्याचं बटण दाबून तो फोन वॉकीटॉकीला जोडून द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचा. मधलं बोलणं ऐकणारा तिसरा कोणी नव्हता.

सेक्रेटरीचा जबाब ठाम होता. "वायरमन खांबावर हाय, स्विच टाकू नको, असं सांगितलं. 'समजलं न्हवं?' म्हणून विचारलं. 'समजलं' म्हणाला की त्यो!"

ऑपरेटर म्हणाला, "सायेब, 'समजलं न्हवं?' एवढंच आलं. मोटार चालू करतो म्हणून मीच सांगितलं हुतं. मला वाटलं, त्येलाच हो म्हणत्यात."

"शेवटचे दोन शब्द आले आणि आधीचे गळाले? कान सोयीनं चालतो व्हय रे तुझा?"

मी खुनाचा गुन्हा दाखल केला. कोर्टानं त्याला पोलीस कोठडी दिली.

दोन दिवसांनी पुरवणी जबाबासाठी सेक्रेटरी आला. माणूस प्रामाणिक, पण माझा एक प्रश्न पुरा होऊ देईना. मी बोलतोय, त्याच्यावर हा बोलतोय. शेवटी जबाब लिहिणारे हवालदार वैतागले. "सेक्रेटरीसाहेब, दम धरा की जरा! तुमच्यापुढं कारखान्याचा भोंगा बी गप बसंल."

सगळे हसले. मी मात्र जीप काढायला सांगितली. दोघं एकदम बोलले तर तो डबा काय करतो, ते बघायचं होतं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, त्याचा अभिमान आहे. संस्थेच्या ऑफिसात पंचांसमोर डबा बसवणाऱ्या मेकॅनिककडून तो उघडून घेतला आणि सर्किट समजावून घेतलं. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात. वॉकीटॉकीवर एका वेळी एकच. बटण दाबून बोलणाऱ्याला समोरचं काही ऐकू येत नाही. फोनवरून आवाज आला की डब्यातला रिले, म्हणजे आपोआप चालणारं बटण, ऑफिसातला वॉकीटॉकी बोलता करायचा, पण पलीकडून कोणी बोलत असेल तर तो हलायचाच नाही. तेवढ्या वेळात फोनवर कितीही ओरडा, ते पुढं जात नाही. आमच्या वायरलेसवर 'ओव्हर' म्हटल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. घरच्या फोनवर ही शिस्त कोण पाळतो?

हवालदारांना पंपघरात पाठवलं. सेक्रेटरीला त्याच्या घरी फोन घेऊन बसवलं आणि शेजारी मी बसलो. पलीकडून हवालदार ऑपरेटर बनून सुरू झाले, "साहेब, पंपात पाणी भरलंय, मोटार चालू करतो, पाण्याची पाळी चुकायला नको..." ते बोलत असतानाच सेक्रेटरी ओरडला, "आरं नको, वायरमन खांबावर हाय, स्विच टाकू नको! समजलं न्हवं?"

"काय ऐकलं?" मी फोन घेऊन विचारलं.

"'समजलं न्हवं?' एवढंच, सर."

सेक्रेटरी म्हणाला, "म्हणजे माझं पोचलंच न्हाय? मला तर माझा आवाज कानात ऐकू येत हुता."

"तो तुमच्याच रिसिव्हरमध्ये."

खुनाचं कलम वगळण्याचा अहवाल कोर्टात दिला. संस्थेवर निष्काळजीपणाचा गुन्हा घेतला. वायरमनच्या बायकोला मी स्वतः जाऊन सगळं समजावलं. ती एवढंच म्हणाली, "तुमचं सर्किट तुमाला ठावं. माझा मानूस गेला."

फोन करणारा कोण, ते कधीच कळलं नाही.

सुटताना ऑपरेटर सही करून दारात थांबला. "सायेब, पयल्याच दिवशी सांगत हुतो, मी बोलत असताना समोरचं ऐकू येत न्हाय म्हणून. तुमी पुरं बोलूच दिलं न्हाईसा."

मी स्टेशन डायरी उघडून बसलो होतो. त्याच्या सुटकेची नोंद केली. पुढं निवृत्तीपर्यंत संशयित बोलायचा थांबला तरी मी लगेच पुढचा प्रश्न विचारला नाही. आणखी काही सांगायचं आहे का, हे आधी विचारलं. त्याचे कोठडीतले दिवस मात्र मला परत देता आले नाहीत.