वरच्या मजल्यावरचा प्लातो

हॅम्बर्गला माझ्या वरच्या मजल्यावर एक स्पॅनिश बाई एकट्या राहतात. मी त्यांना काकू म्हणते. त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि मग हरकत घेतली नाही. तरुणपणी मासळीच्या कारखान्यात कामाला आल्या आणि इथल्याच झाल्या. मागच्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांचं वाणसामान मी वर नेऊन देते. तिसऱ्याच खेपेला त्यांनी निळ्या काठाच्या ताटलीत बटाट्याचं जाडजूड आम्लेट हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "प्लातो."

प्लातो म्हणजे ताटली, एवढं कळलं. पुढे कळलं की तिच्यातला पदार्थही प्लातोच, आणि जेवणात एकामागून एक वाढतात तेही पहिला प्लातो, दुसरा प्लातो. अंगणात मी सायकलची चेन बसवत होते, तर खिडकीतून त्यांनी पुढच्या दातेरी चाकाकडे बोट दाखवलं. तोही प्लातो. मला नवल वाटलं नाही. आपणही ताट घासतो आणि ताट वाढतो. आठवड्याभरात शब्द माझा झाला.

ताटली रिकामी परत करायची नाही, हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी तिच्यातून नारळाच्या वड्या दिल्या. दोन दिवसांनी काकूंनी फोन करून वर बोलावलं. त्याच ताटलीत हरभऱ्याचा घट्ट रस्सा. मी थालीपीठ नेलं, त्यांनी मासा तळून दिला. या बाई हार मानायच्या नाहीत, असं म्हणत मी ऑफिसातून येता येता पुढचा बेत ठरवायची. सहा महिने हे चाललं आणि मी स्वतःवर फार खूश होते. शेजारधर्म माझ्याकडून शिकावा, असं आईला फोनवर ऐकवायचीसुद्धा.

मग एका शनिवारी ड्रेस्डेनला राहणारी त्यांची मुलगी जिन्यात भेटली. नमस्कारबिमस्कार काही नाही.

"डॉक्टरांनी आईला जास्त उभं राहायचं नाही म्हणून सांगितलंय. ती तास तास शेगडीपाशी असते. परवा तिथेच पडली. म्हणते, खालची मुलगी ताटली भरून आणते, मग मी रिकामी कशी देऊ? तेव्हा असंच चाललं तर मी तिला वृद्धाश्रमात ठेवणार. जागा बघून ठेवलीय."

मला आधी राग आला आणि मग लाज वाटली. ज्यांच्या पिशव्या मी उचलत होते, त्यांनाच मी ओट्याशी उभं करून ठेवलं होतं.

ताटली तेव्हा माझ्याकडेच होती. घासली, पुसली आणि दुपारी तशीच घेऊन निघाले. जिन्यात दोनदा मागे फिरावंसं वाटलं. निदान चार बदाम तरी ठेवावेत. काकूंनी ताटली घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"यापुढे ही रिकामीच येणार," मी म्हटलं. "आणि तुम्हीही काही करायचं नाही."

त्या खुर्चीत बसल्या, चांगल्या टेकून.

"मला वाटलं, तू काही थांबायची नाहीस," म्हणाल्या. "आणि नारळ मला आवडत नाही."

संध्याकाळी मुलगी बाहेरून आली तेव्हा आम्ही दोघी बसूनच होतो. तिने आधी शेगडीवर हात ठेवून पाहिला. गार होती. मग कोट काढून ती आमच्याजवळ बसली, आणि वृद्धाश्रमाचं नाव कुणी काढलं नाही.