याकूब सरांचं बोलणारं मशीन

याकूब सरांच्या खोलीवरून पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटायचं, आत कोणीतरी भांडतंय. दारातून डोकावलं तर सर एकटेच असत. मान एका बाजूला कललेली, आणि समोरचा संगणक इतका भरधाव बोलत असे की एकही शब्द सुटा होऊन कानात शिरत नसे. सर अंध होते. पडद्यावरचं सगळं एक कोरडा यांत्रिक आवाज त्यांना वाचून दाखवायचा, आणि त्याचा वेग त्यांनी वर्षानुवर्षं वाढवत नेला होता. मी ग्रंथपाल म्हणून नवी आले तेव्हा अशीच दाराशी उभी राहिले. चाहूल लागताच त्यांनी आवाज थांबवला. "नव्या मॅडम ना? या. हा शहाणा असाच बोलतो. हळू बोलला की मला झोप येते."

शहादा तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात ते मराठी शिकवत. वडील गावात गाद्या भरायचे. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत, शिपायाशी अहिराणी, आणि रागावले की जी जिभेवर येईल ती. रागावत पुष्कळदा. कोणी त्यांचा हात धरून पायऱ्या चढवायला गेलं की म्हणत, "माले पाय शेतस. तू तुन्हा सांभाळ."

त्यांचा निबंधाचा तास वेगळा होता. आमच्याकडे धडगावकडून, डोंगरातून मुलं येतात. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या या मुलांना मराठी शाळेतच भेटते. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज येतो, आणि मुलं खाली बसतात ती कायमची. सरांनी यावर उपाय काढला होता. मुलांनी निबंध त्यांच्या मशीनवर टाइप करायचा, नाव लिहायचं नाही. मग सगळे निबंध त्या एकाच आवाजात वर्गाला ऐकवायचे. त्या दिवशी सर वेग कमी करत. सपाटीवरच्या पाटलाच्या मुलाचा निबंध आणि डोंगरातल्या मुलीचा निबंध सारख्याच सपाट सुरात बाहेर पडायचे. "याला गावठी कळत नाही आणि शहरी कळत नाही," सर म्हणत. "फक्त काय लिहिलंय तेवढं कळतं. तुम्हीही तेवढंच ऐका."

रमिला नावाची एक मुलगी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिनं लिहिलं होतं की घाटात जीप वळली की सगळी माणसं एका बाजूला झुकतात, फक्त टोपलीतली कोंबडी सरळ बसते, कारण तिला विकायला नेतात हे तिला माहीत नसतं. मशीननं हे वाचलं तेव्हा मागची बाकंही पुढं झुकली होती. सर म्हणाले, "कोणाचं आहे, विचारणार नाही. पण ज्याचं आहे त्यानं लिहीत राहायचं." मी खिडकीपाशी होते. रमिलाचं तोंड मला दिसलं, आणि कोणाचं आहे ते कळलं.

मग ती बैठक झाली. नवापूरहून एक विक्रेता आला होता. संगणकांची जुनी कार्यप्रणाली काढून नवी टाकायची. ही खास वेगासाठी बनवलेली, हलकी, नको असलेलं सगळं काढून टाकलेली. पैसे बरेच होते. प्राचार्यांनी एकेकाचं मत विचारलं. सर म्हणाले, "मशीन सुरू व्हायला वेळ लागतो तेवढ्यात माझा चहा होतो. पैसे देऊन चहा बंद करायचा का?" सगळे हसले. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "माझा आवाज त्यावर चालेल ना?"

"सगळं चालतं सर," विक्रेता म्हणाला.

"चालवून पाहिलंय?"

"सर, टेन्शनच घेऊ नका."

कोणीही पाहिलं नव्हतं. पाहायला किती वेळ लागला असता? एक मशीन, एक माणूस, एक चहा. पण वेग विकत घेणाऱ्यांना तेवढा धीर नव्हता.

ईदच्या सुट्टीत काम झालं. प्राचार्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, सरांचं मशीन सगळ्यात जुनं, पहिला मान त्यांना द्या. नारळ फोडला. सुट्टीनंतर सर नेहमीसारखा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले, सगळ्यांना वाटला, आणि खुर्चीत बसून बटण दाबलं. प्राचार्य मागे उभे होते. "बघा सर, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सुरू."

सर कान देऊन बसले. मशीन सुरू झालं होतं. बोलत नव्हतं.

"काय करी ऱ्हायनं रे हे?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"सर, ते चालू शे. रंगीत चित्र ऊनं."

"माले चित्र नको."

विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, बोलणारी सोय नको असलेल्यांत मोडते, ती काढूनच ही आवृत्ती हलकी होते. जुना आवाज आता बाजारात नाही. दुसरा एक फुकट मिळतो, तो टाकू म्हटलं तर म्हणाला, बाहेरचं काही टाकलं की वेग कमी होतो, मग आमची हमी राहत नाही. मशीनला त्याच्या पासवर्डचं कुलूप होतं. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, एका माणसासाठी सगळ्या कॉलेजची हमी घालवायची का?"

मी एकदा नाही, कितीदा तरी त्यांच्या दाराशी गेले. विनंती केली, अर्ज दिले, रागानं आवाजही चढवला, जो मी घरीही चढवत नाही. उत्तर एकच मिळालं: यंदा तरतूद संपली. तरतूद वेगावर संपली होती. आमचे कारकून नव्या मशीनवरही तोच दाखला पूर्वीइतक्याच वेळात देत होते, कारण वेळ मशीनला लागत नव्हता, सहीला लागत होता.

सरांना वाचून दाखवायला शिपाई देऊ केला. सरांनी नाकारला. मी निबंध वाचायला बसले, तर पहिल्याच पानावर त्यांनी टेबलावर बोटं आपटली. "तुम्ही मुलांच्या चुका दुरुस्त करून वाचता. मला चुकांसकट पाहिजे." मी जपून वाचायला लागले, वर्गातही. तरी ते जमलं नाही. माझ्या तोंडून आलं की वर्ग कोणाचं असेल याचा अंदाज बांधायचा, हसू दाबून एकमेकांकडे बघायचा. शेवटी सरांनी मुलांनाच वाचायला उभं केलं. रमिला उठली. पहिल्या वाक्यालाच मागून कोणीतरी तिच्या सुरात तेच वाक्य म्हटलं. सर ओरडले, "कोण आहे तो? समोर ये." समोर कोणीही आलं नाही, आणि कोण होतं ते त्यांना दिसणार नव्हतं. रमिला खाली बसली. पुढच्या निबंधाच्या तासाला ती आली नाही. हळूहळू डोंगरातली बाकीची मुलंही त्या तासाला यायची थांबली.

सरांनी तास बंद केला नाही. उरलेल्या मुलांना ते तोंडी शिकवत. पण ज्यांच्यासाठी तास होता ती मुलं नव्हती, हे त्यांना हजेरीवरून कळायचं. एकदा मला म्हणाले, "मॅडम, आंधळा मी जन्मापासून आहे. अडाणी मला यांनी केलं. तेही पैसे खर्चून."

या हिवाळ्यात ते हृदयविकारानं गेले. शोकसभेत प्राचार्य म्हणाले, सरांना नव्या तंत्राची ओढ होती, म्हणून नवं मशीन आपण सर्वांत आधी त्यांनाच दिलं. मग जाहीर केलं की संगणककक्षाला सरांचं नाव द्यायचं. मी उभी राहिले. सभेत बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "त्या खोलीला त्यांचं नाव देऊ नका. तिथलं एकही यंत्र त्यांच्याशी बोलत नव्हतं. द्यायचंच असेल तर कुलूप काढा, आवाज टाका, आणि त्यांचा तास सुरू करा."

सभेचे अध्यक्ष म्हणाले, "बसा मॅडम. भावनेचा विषय आहे, पुढं बघू."

पाटी आधीच रंगवून झाली होती. ती आता दारावर आहे, ठळक, लांबून वाचता येईल अशी. आत मशीनं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सुरू होतात. रमिला मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येते, पुस्तक बदलते आणि जाते. परवा मी तिला विचारलं, लिहितेस का काही. तिनं मान हलवली, नाही म्हणून.