गाडीच्या आधी आलेलं चाक

एका फोनमध्ये एक शब्द मी चुकीचा ऐकला आणि एका धडधाकट ड्रायव्हरचा रक्तदाब मोजायला लावला, ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. विसरू म्हटलं तरी घरचे विसरू देत नाहीत.

तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या हायवेवरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते. सोयाबीनची पोती घेऊन निघालेल्या एका ट्रकचा जळकोटच्या अलीकडं अपघात झाला आणि रस्त्याच्या कडेनं मेंढ्या घेऊन चाललेला एक माणूस जागीच गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा हायवे दोन्हीकडून तुंबला होता, मेंढ्या रस्ताभर पांगल्या होत्या. प्रेत हलवणं, वाहतूक सुरू करणं यात आमची सगळी माणसं गुंतली. मग पंचनामा केला. ट्रकचं पुढचं उजवं चाक नव्हतं. चाक ज्यावर बसतं त्या हबवरचे बोल्ट तुटलेले होते आणि शेजारी रिमसकट एक फुटलेला टायर पडला होता.

ट्रकचा मालक आमच्या आधीच येऊन थांबला होता, सोबत त्याचा गॅरेजवाला. मालक म्हणाला, "साहेब, टायर फुटला. त्या हिसक्यानं बोल्ट तुटले. पोरगं जोरात चालवतंय, किती सांगितलं तरी ऐकत न्हाय."

हे 'पोरगं' म्हणजे वाशी तालुक्यातला पस्तिशीचा ड्रायव्हर, दोन मुलांचा बाप. त्यालाही विचारलं. "टायर फुटला," एवढंच म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पाठ केलेला माणूस लगेच ओळखू येतो. खरं सांगणारा दर वेळी थोडं वेगळं सांगतो.

निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. दारूच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना घ्यायला त्याला पाठवायचं होतं, तेवढ्यात ठाण्यात फोन आला. आवाज दबका.

"साहेब, त्या गाडीला पेसर हुता. डायव्हरचा काय बी दोष न्हाय." फोन बंद.

मी ऐकलं, प्रेशर. आपल्याकडं 'त्याला प्रेशर आहे' म्हणजे रक्तदाब. गाडीला असं तो म्हणाला होता, पण ते मी सोडून दिलं. चालवताना याला चक्कर आली असणार, असा तर्क मी लढवला आणि हवालदारांना सांगितलं, "रक्त घेतील तेव्हा प्रेशरपण बघायला सांगा." हवालदार परत आले ते गालातल्या गालात हसत.

"काय झालं?"

"ड्रायव्हर दारू प्यायलेला वाटत नाही, असं डॉक्टर म्हणतात. प्रेशरही एकदम बरोबर. आणि..."

"आणि काय?"

"साहेबांना विचारा म्हणाले, तुमचं शेवटचं कधी तपासलं?"

ठाणं हसलं. मीही हसलो, नाइलाजानं.

मेलेल्या माणसाची बायको जबाबाला आली आणि हसू बंद झालं. सास्तूरकडची मेंढपाळ बाई. नवऱ्याच्या मागं पंधरा-वीस पावलांवर ती चालत होती. रडली नाही. खुर्ची दिली तर बसली नाही.

मी म्हणालो, "बाई, टायर फुटल्याचा आवाज आला का?"

"कशाचा आवाज? न्हाय बा."

"मग काय दिसलं?"

"चाक आलं."

"म्हणजे ट्रक आला."

"ट्रक लांब हुता की! चाक एकलंच आलं. उड्या मारत. चांगलं टणटणीत चाक हुतं, फुटलेलं बिटलेलं न्हाय. म्या वरडले, तवर ह्यांच्या पाठीत बसलं." मग मला म्हणाली, "त्या डायव्हरनं सोडलं चाक. त्याला सोडू नगा."

फुटलेला टायर उड्या मारत पुढं पळत नाही. एवढं तर मलाही कळतं. मग हा फुटलेला टायर आला कुठून?

क्रेननं आणलेला ट्रक ठाण्याच्या आवारात उभा होता. मी पुन्हा पाहायला गेलो. पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसून खाली डोकावलो, काही कळलं नाही. उठताना गुडघ्यांनी दगा दिला म्हणून चाकावर हात टेकला, तर तळवा शेंदरी झाला.

खंडेनवमीला आपल्याकडं अवजारांची, गाड्यांची पूजा होते. या चाकावर कुणीतरी तेलात कालवलेल्या शेंदराची तीन बोटं आडवी ओढली होती, रिमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधल्या नटांवरून. तेलातला शेंदूर सहजी निघत नाही. रिमवरचे पट्टे सरळ होते. पण नटांवर आले की गोंधळ. एका नटावर पट्टा उभा, दुसऱ्यावर तिरका, तिसऱ्यावर नाहीच, आणि जिथं पट्टा जातच नव्हता तिथल्या नटावर शेंदूर! म्हणजे पूजेनंतर हे चाक कुणीतरी खोललं होतं आणि नट हाताला येतील तसे बसवले होते. मुद्देमालातला फुटलेला टायर काढून पाहिला. त्याच्या रिमवर शेंदराचा कणही नव्हता.

ड्रायव्हरला बोलावलं. "पूजा कुणी केली?"

"म्या केली, साहेब."

"सगळ्या चाकांची?"

"व्हय. एक बी चाक सोडलं न्हाय."

मी त्याला फुटलेल्या टायरसमोर उभं केलं. "मग हे चाक कुणाचं?"

त्यानं रिमवरून बोट फिरवून पाहिलं. "मालक म्हनले, जामीन करतो, घरी धान्य टाकतो. तू फकस्त टायर फुटला म्हन."

त्याच्याकडून पुढचं वदवून घेण्याआधी मी गॅरेजवाल्याला आणवलं. हा माणूस पहिल्यापासून माझ्या डोळ्यांत न बघता माझ्या खिशावरच्या नावाच्या पाटीकडं बघायचा.

"दसऱ्यानंतर ट्रकची चाकं खोलली होतीस?"

"न्हाय साहेब. देवाशपथ."

त्याला चाकापाशी नेलं आणि नटांवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर तो खाली बसला.

"हे चाक कशाला खोललंस?"

"पेसर काढाया, साहेब."

"काय?"

"पेसर. चाकाच्या मागं घालायची चकती. स्पेसर म्हनत्यात बघा."

हवालदारांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मी मात्र या वेळी हसलो नाही.

हब आणि चाक यांच्या मध्ये बोटभर जाडीची धातूची चकती घालायची, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं आणि गाडी रुंद दिसते. बस, एवढ्यासाठी! गॅरेजच्या भंगारातून दोन्ही चकत्या निघाल्या, एक अखंड, एक दुभंगलेली. शेंदराचे पट्टे असलेलं, हवा भरलेलं चाकही तिथंच पोत्याखाली सापडलं. आम्ही प्रेताजवळ होतो तेवढ्या वेळात यांनी शेतात जाऊन पडलेलं ते चाक उचललं, फुटका टायर आणून टाकला आणि डावीकडची चकतीही काढून घेतली.

मोटार वाहन निरीक्षकांनी चकती हातात घेऊन मला समजावलं. बोल्ट कंपनीच्या मापाचे असतात. मध्ये चकती आली की बोल्टाची लांबी तीच खाते आणि नट दोन-तीन आट्यांवर लटकतो. चाक बाहेर गेल्यानं बेअरिंगवर आणि बोल्टांवर ओढ वाढते. भरलेला ट्रक खड्ड्यात आदळला की सगळा भार त्या दोन-तीन आट्यांवर. मी विचारलं, "चांगल्या मापाची, जास्त लांब बोल्टांची चकती असली तर?" ते म्हणाले, "तरी बेअरिंगचा भार कमी होत नाही आणि नट सारखे तपासावे लागतात. आणि ही तर कुठल्यातरी लेथवर हलक्या धातूची कातलेली आहे. कंपनीनं दिलेली गाडी अशी बदलायला परवानगीच नाही."

आता ड्रायव्हर मोकळेपणानं बोलू लागला. "साहेब, पेसर घातल्यापास्नं स्टेरिंग थरथरायचं. लई बार सांगितलं. मालक म्हनला, हात घट्ट धर की, बायली हैस का?"

मालकाला समोर बसवलं. तरी रुबाब तोच. "साहेब, सगळेच लावतात. गाडी कशी भरदार दिसते. आणि चाकं रुंदावली की गाडी उलटत नाही म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगळेच."

"ड्रायव्हर म्हणत होता, स्टेरिंग थरथरतंय."

"ड्रायव्हर लोक काय, काहीही बोलतात."

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. एवढा संताप क्वचितच आला. खुन्याचं कुणाशी तरी वैर तरी असतं. याला गाडी भरदार दिसायला हवी होती! त्यापायी एक माणूस मेला आणि दुसऱ्याला तुरुंगात धाडायची तयारी यानं प्रेत उचलण्याआधीच केली होती. वर म्हणतो, सगळेच लावतात. मालक आणि गॅरेजवाला यांच्यावर निष्काळजीपणाचा आणि पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा दाखल झाला. ड्रायव्हरचं नाव आरोपीतून काढून त्याला साक्षीदार करावं, असा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि तो मान्य झाला. तो फोन कुणाचा होता, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

आजही हायवेवर बॉडीच्या बाहेर चाकं आलेली गाडी दिसली की मी तोंडातल्या तोंडात शिव्या देतो. या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की 'टायर फुटला' हे वाक्य ऐकलं की आधी टायर बघावा आणि मग गाडीचा मालक कोण ते बघावं. अपघात म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातलं पुष्कळसं कुणीतरी आधी हातानं बसवलेलं असतं.

कोर्टाचा आदेश आला त्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो. ताटावर बसून बायकोला सगळं सांगितलं. मालकाची नक्कल केली, टेबलावर मूठ आपटली, आमटी सांडली. तिनं आमटी पुसली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओरडायचं झालं असेल तर एक विचारू? त्या सास्तूरच्या बाईला कुणी जाऊन सांगितलं का, की चाक ड्रायव्हरनं सोडलं नव्हतं? अजून त्या गरिबालाच शिव्याशाप देत बसली असेल ती. ताट झाकून ठेवते, आधी जाऊन या."