हळदीला घेतलेली वीज

तळवलीत आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर एक भाडोत्री राहतो, बायको आणि आईसोबत. रबाळ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा मला कौतुकाने सांगत होता, "काकू, ही नुसती वीज खात नाही, देतेसुद्धा. पुढे संध्याकाळी मागणी वाढली की अशा गाड्या वीज कंपनीला वीज परत देतील."

मी म्हटलं, "ते देतील तेव्हा देतील. तू आधी माझं मीटर सांभाळ."

यंदा पुतण्याची हळद होती. मांडव भरला आणि गल्लीतली केबल जळाली. लग्नसराईत जनरेटर कुठला मिळायला? मीच वर जाऊन त्याला विचारलं. तो लगेच खाली आला, गाडीतून वायर काढून मांडवात आणून दिली. दिवे लागले, पंखे फिरले, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला बाजूला घेऊन त्याने मोबाइल दाखवला.

"मर्यादा लावलीय, काकू. बॅटरी तेवढ्यावर आली की वीज आपोआप बंद होईल. सकाळी आईला डायलिसिसला पनवेलला न्यायचंय. जाऊन-येऊन पुरेल एवढी ठेवतोय."

मी नीट ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही.

दिराने त्याच वायरीवर स्पीकर जोडले. मी बघितलं, पण त्याला थांबवलं नाही. नाच ऐन रंगात असताना अंधार झाला.

"हळदीला आता मेनबत्त्या लावू काय?" नणंद म्हणाली. "दिवाली हाय?"

दीर माझ्याकडे वळला. "वयनी, तू जा वर. आपला भाडोत्री हाय, तुला नाय बोलनार नाय तो."

तो नाही म्हणणार नाही, हे मलाही माहीत होतं. म्हणूनच मी गेले. दारात उभी राहून म्हटलं, थोडी मर्यादा खाली आण. त्याने विचारलं, "लाइट सकाळपर्यंत नक्की येईल ना?"

"येईल की," मी म्हणाले. मी कोणाला फोनसुद्धा केला नव्हता.

आई झोपली होती त्या आतल्या खोलीकडे त्याने एकदा बघितलं. मग त्याने मोबाइलवर बोट फिरवलं. खाली पुन्हा स्पीकर सुरू झाले.

सकाळी लाइट आली नव्हती. बॅटरी उतरलेली गाडी मांडवाशेजारी उभी होती. कठड्याला धरून त्याची आई एकेक पायरी उतरली. मी फाटक उघडलं.

"हळद छान झाली ना?" तिने विचारलं.

आमच्या दोन्ही गाड्यांच्या चाव्या दिराकडे, आणि दीर झोपलेला. त्याला उठवते म्हणेपर्यंत ते तिघं रिक्षात बसून गेलेसुद्धा. पनवेलच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्याने, डायलिसिसला, रिक्षातून. परतताना तिला उलट्या झाल्या, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं.

संध्याकाळी मी वर गेले. दार त्यानेच उघडलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"नाही हो, काकू. घरचंच कार्य." मग तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात करार संपतोय आमचा. तेवढं बघाल ना?"

रात्री वीज दिली ती कशासाठी, ते मला तेव्हा कळलं. हो म्हणायचं होतं. पण इतकी वर्षं भाडोत्र्यांशी बोलून जे तोंडात बसलंय तेच बाहेर पडलं.

"बघते," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि मी जिना उतरेपर्यंत दार उघडं धरून उभा राहिला.