बघितल्याशिवाय टिक नाय

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले, वर घाट चढून पार पुण्यापर्यंत जाऊन आलात, तरी आमच्या विहीणबाईंइतकं इंग्रजीवर संशय घेऊन इंग्रजी शिकवणारं दुसरं माणूस तुम्हाला सापडायचं नाही. मी स्वतः दोन यत्ता शिकलो आणि तिसरीत मास्तरांशी पटेना म्हणून मीच शाळेचं नाव काढून टाकलं, तेव्हा माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माणसं मी पुष्कळ पाहिलीत. हट्टी माणूस तर दाढी करताना रोज आरशात पाहतो. विहीणबाई त्याच्याही वरताण.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची, सुगंधाची आई. राहायला साजगावकडे. जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला जातात. या आमच्या पडवीत आल्या. झालं असं, की कशेळ्याच्या आजूबाजूला जिथं भाताची खाचरं होती तिथं आता मुंबईकरांसाठी फार्महाऊसं झालीत, आणि आमच्या गावच्या निम्म्या बाया तिथं चादरी घालायला, भांडी घासायला जातात. सुगंधाही जायची. त्यातल्या एका फार्महाऊसच्या मालकीणबाईंनी सांगून ठेवलं, की पाहुण्यांची सगळी व्यवस्था बघायला एक बाई नेमायचीय, पण तिला दिवसभरात काय घडलं ते रोज इंग्रजीत पाचसहा ओळी लिहून मुंबईला कळवता आलं पाहिजे. पगार चांगला, खुर्चीवर बसून काम. सुगंधाचा जीव त्या खुर्चीत अडकला. झालं! रोज दुपारी विहीणबाई तीन गाड्या बदलून हजर. सुगंधाबरोबर शेजारपाजारच्या बायाही येऊन बसल्या. माझी परवानगी विचारली होती म्हणतात. मी तेव्हा झोपलो होतो.

पडवीत फळा नाही. म्हणून विहीणबाईंनी माझी जमीन धरली. फरशीवर खडूनं हे एवढालं वाक्य काढायचं आणि सगळ्या बायांनी त्याच्या दोन्ही अंगाला पंगतीसारखं बसायचं. माझी मोरी पडवीच्या दुसऱ्या टोकाला. मी उठलो की विहीणबाई ओरडायच्या, "व्याही, क्रियापद! क्रियापदावर पाय पडंल!" स्वतःच्या घरात स्वतःच्या मोरीकडे जायला मी या वयात लंगडी घालत होतो आणि गावच्या लेकीसुना पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्यांचा नियम एकच, की जे लिहाल ते खरं पाहिजे, आणि ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. नाहीतर बरोबरची खूण नाही. "बघितल्याशिवाय टिक नाय," असं म्हणून त्या खडू कमरेला खोचत. शेजारच्या हौसानं एकदा लिहिलं, 'माय गोट इज ब्लॅक.' लगेच अख्खा वर्ग बकरी बघायला. मागं मी, कारण घरात एकटं बसून करायचं काय? बकरी काळी, पण मागचा एक पाय पांढरा. विहीणबाई म्हणाल्या, "ब्लॅक नाय. काट."

"अवो बाई, चुन्याच्या घमेल्यात पाय घातलाय तिनं!"

"मग धू."

भर उन्हात आठदहा बायांनी बकरीला धरून तिचा पाय धुतला. बकरी अशी ओरडत होती की पलीकडच्या आळीतली माणसं कोण गेलं विचारायला आली. पाय काळा निघाला तेव्हा कुठं हौसाला टिक मिळाली. दुसऱ्या दिवशी हौसानं जोरात येऊन लिहिलं, 'माय हजबंड इज अ गुड मॅन.' विहीणबाईंनी वाक्य वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "व्याकरण बरोबर हाय," त्या म्हणाल्या, "पन हे तपासायला येळ लागंल गं." ते वाक्य अजून तपासात आहे. हौसाचा नवरा तेव्हापासून विहीणबाई दिसल्या की उगाच झाडलोट करायला लागतो.

वाक्य जमलं की परिच्छेद. तो त्यांनी आमच्याच भाषेत शिकवला. पडवीवर चौकोन आखायचा आणि म्हणायचं, हे खाचर. याला बांध घाला. एका खाचरात एकच पीक. पहिल्या वाक्यात सांगायचं काय पेरलंय, मग त्याचीच रोपं एकामागं एक लावत जायची. हौसानं बकरीच्या परिच्छेदात नवरा घातला, तर विहीणबाई कडाडल्या, "बकरीच्या खाचरात ह्यो कसा घुसला? बांधाभाईर काड त्याला!" हौसा म्हणाली, "बाई, ह्याच शब्दांत त्याला इंग्लिशमदी कसं सांगायचं तेवडं शिकवा, मंग बाकीचं नाय शिकवलं तरी चालंल."

अशा या बाईचं एक जुनं खूळ होतं. मुलीला मूल होईस्तोवर मुलीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही पूर्वीची रीत. आता कोण पाळतं? हौसानं विचारलंही, "आता कोन पाळतंय, बाई?" तर म्हणाल्या, "मी." येताना साजगावहून पाण्याची बाटली आणायच्या, थर्मासात चहा, डब्यात पोहे. सुगंधाच्या लग्नाला बरीच वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. आम्ही कोणी तिला त्यावरून कधी शब्द बोललो नाही. पण एकदा भाकरी वाढताना ती खाली बघून म्हणाली, "आबा, आई बाटली उघडते ना, तवा बाया बाटलीकडं नाय बघत. माझ्या पोटाकडं बघतात." मी भाकरी खात राहिलो. मुलाकडचा माणूस पडलो. विहिणीला पाणी प्या म्हणून आर्जव करणं माझ्या मिशीला शोभलं नसतं.

मी आपलं इंग्रजीला नावं ठेवायचं काम इमानानं चालू ठेवलं. रोज वर्ग भरला की आरामखुर्चीतून म्हणायचो, "इंग्रजी मंजे फुकट येळ घालवनं." एके दिवशी विहीणबाईंनी खडू खाली ठेवला. "व्याही, सुगंधाला जागा मिळाली तर काय कराल?"

"पाटी घेऊन तुमच्या पुढ्यात बसंन! आनि नाय मिळाली तर?"

"तर वर्ग बंद. तुमच्या पडवीत परत पाय नाय ठेवनार."

बायांनी माना वळवून सुगंधाकडे बघितलं. सुगंधा तर फरशीच्या रंगाची झाली. म्हणजे बघा, पोरीची खुर्ची, आईचा वर्ग आणि माझी मिशी, तिन्ही एकाच परिच्छेदावर टांगलेली.

त्या जागेसाठी मालकीणबाईंनी घेतलेल्या परीक्षेला सुगंधा धरून तीन बाया होत्या. विषय निघाला 'माझं घर'. पहिलीनं गाईडातला परिच्छेद पाठ केलेला. तिच्या घरापुढे बर्फ पडत होता. कशेळ्याला! दुसरीच्या घरात शेकोटीपाशी कुत्रा झोपत होता आणि आजोबा पियानो वाजवत होते. सुगंधाला खोटं लिहायची सवयच नव्हती. तिनं लिहिलं, आमच्या घराला लांब पडवी आहे. तिथं माझे सासरे बसतात. इंग्रजी म्हणजे फुकट वेळ घालवणं, असं ते रोज म्हणतात. तिथंच माझी आई इंग्रजी शिकवते. ती आमच्या घरचं पाणी पीत नाही. दोघंही हट्टी आहेत.

मालकीणबाई हसल्या म्हणे, पण निकाल सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मोठी गाडी आमच्या दारात. वर्ग भरलेला. त्या पडवीत आल्या, मला म्हणाल्या, "आजोबा, इंग्रजीबद्दल तुमचं काय मत आहे?"

खोटं बोलून सुनेचं भलं होईल की खरं बोलून, हा विचार करायला मला वेळच मिळाला नाही. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "फुकट येळ घालवनं!"

मालकीणबाईंनी विहीणबाईंच्या मांडीजवळची बाटली बघितली, खुर्ची आणायला उठून फरशीवरचं वाक्य ओलांडताना मी घातलेली लंगडी बघितली आणि म्हणाल्या, "सगळं खरं आहे. सुगंधा, सोमवारपासून ये." विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला जागा मिळाली म्हणून नव्हे, असं त्या सांगतात. कोणीतरी येऊन वाक्य तपासलं म्हणून. मी मात्र गावभर सांगितलं, की नोकरी माझ्यामुळे लागली. मी जर इंग्रजीचं कौतुक करणारा असतो, तर ते वाक्य खोटं नसतं का पडलं?

पण दिलेला शब्द पाळावा लागतो. सुगंधा कामाला लागायच्या आधी, रविवारीच मी खडू घेऊन फरशीवर बसलो. गुडघे असे कडाडले की हौसानं टाळ्या वाजवल्या. बघायला आळी लोटली. विहीणबाई म्हणाल्या, "लिवा एक वाक्य." मी आदल्या दिवशी सुगंधाकडून अक्षरं घोटून घेतली होती. कशाला, ते तिनं विचारलं नाही. घाम गाळून मी लिहिलं, 'टुडे माय विहीण ड्रँक टी इन माय हाउस.' आज माझ्या विहिणीनं माझ्या घरी चहा घेतला.

विहीणबाईंनी वाचलं. "खोटं हाय. पुसा."

"पुसनार नाय."

"व्याही, वाक्य खोटं हाय!"

"आज संपलाय कुटं अजून?" मी म्हणालो. "चा उकळतोय. खरं करायचं तुमच्या हातात हाय. नायतर मारा काट. मुलाकडचा मानूस ह्या वयात तुमच्या पुढं फरशीवर बसलाय, त्याच्या पैल्या वाक्यावर मारा काट!"

सुगंधा चहा घेऊन दारात येऊन उभी होती. विहीणबाईंनी वाक्याकडे बघितलं, मग पोरीकडे बघितलं, मग पुन्हा वाक्याकडे. हात कमरेच्या खडूकडे गेला, तिथंच थांबला. "साखर बेतानं घातलीस ना गं?" त्या म्हणाल्या, चहा बशीत ओतला आणि फुंकर घालून प्यायल्या. बशी ठेवली आणि माझ्या वाक्यापुढं एवढी मोठी टिक मारली की ती उंबऱ्याला टेकली. "अक्षर बरं होतं, म्हनून," असंही वर बजावलं. सुगंधानं ती बाटली उचलली आणि त्यातलं पाणी दारच्या अबोलीला घातलं.

आता विहीणबाई शेलूला लेकाच्या फ्लॅटवर राहतात. गुडघे गाड्या बदलू देत नाहीत. वर्ग सुगंधा घेते, पण ती कामावरून येणार संध्याकाळी. दुपारी पडवीत मी एकटा. परवा खडू घेतला आणि लिहिलं, 'आवर पडवी इज व्हेरी क्वायट.' सुगंधाला ते पुसू देत नाही. फोन लावून विहीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघितल्याशिवाय टिक नाय, व्याही. येते."

येऊ देत. उंबऱ्यातूनच "क्रियापदावर पाय!" म्हणून ओरडतील, आळीतल्या बाया गोळा होतील, हौसाचा नवरा झाडू शोधायला लागेल, आणि माझं वाक्य तिथल्या तिथं खोटं पडेल. मारू देत काट. मोरीकडे जाताना मी अजूनही ते वाक्य लंगडी घालून ओलांडतो, आणि जन्मात पहिल्यांदाच मी चुकायची वाट बघत बसलोय.