फोडलेली जोडी

गेल्या श्रावणात मुलीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय असा : देशादेशांतल्या भांडणांचं मुख्य कारण सांस्कृतिक फरक हेच. तिच्या वाट्याला अनुकूल बाजू आली. मला प्रत्येक कामाची यादी लागते, म्हणून मी तिला मुद्द्यांचीही करून दिली. भाषा, देव, खाणं, पेहराव, सणवार.

तिनं ती वाचली आणि विचारलं, "आई, मग आपलं आणि मोठ्याईचं भांडण यातल्या कोणत्या मुद्द्यात बसतंय?"

मोठ्याई म्हणजे माझी थोरली जाऊ. पोखर्णीजवळ आमच्या गावी राहते. मी नोकरीवर जायचे तेव्हा मुलीला तिनंच सांभाळलं. चार वर्षांपूर्वी वाटणी झाली. शेत, विहीर सगळं शांतपणे वाटलं गेलं. अडलं ते सासूबाईंच्या महालक्ष्म्यांच्या पितळी मुखवट्यांवर. ती म्हणाली, थोरल्या घरीच राहतील. मी म्हणाले, सासूबाईंचं शेवटचं आजारपण मी काढलं. कुणीच मागं हटेना, तेव्हा न करावं ते आम्ही केलं, जोडी फोडली. ज्येष्ठा तिच्याकडे, कनिष्ठा माझ्याकडे. मी पाथरीहून नवी ज्येष्ठा आणली, तिनं नवी कनिष्ठा. तेव्हापासून बोलणं बंद.

मी यादीवरून बोट फिरवलं. भाषा एक, देव एक, सोळा भाज्यासुद्धा त्याच. उलट समोरची शेजारीण बौद्ध. तिच्याकडे महालक्ष्म्या बसत नाहीत, पण गावाला जाताना घराची चावी मी तिच्याकडेच देते. आम्ही जावा भांडलो कारण दोघींना एकच गोष्ट हवी होती. देशांचंही बरंचसं असंच असावं. एकाच जमिनीवर, एकाच नदीवर दोघांचा जीव असतो. फरक मागाहून शोधले जातात. मी लेकीला तसं सांगितलं.

"मग मी काय बोलू?"

"तू अनुकूल बाजूनंच बोल. माझं मी बघते."

रविवारी मी कनिष्ठा खणात गुंडाळली आणि एसटीनं गाव गाठलं. जाऊ ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत होती.

"अक्का, तुमची जोडी पुरी करायला आले."

तिनं वर पाहिलं नाही. "चार वर्षांनी? लय लवकर आलीस की."

"चुकलं माझं."

"तुझ्या एकटीचं कसं? मी काय कमी बोलले होते?"

शेंगांचं सूप तिनं माझ्याकडे सरकवलं. मी सोलू लागले. मग तिनं खण उघडला आणि मुखवट्याच्या गालावरून हळूच पदर फिरवला.

"पार काळी पडू दिलीस गं. चिंच लावीत न्हाईस का?"

"नोकरी हाय ना, अक्का."

"हं. तुझ्या यादीत बसलं नसंल ते."

मी हसले, तशी तीही हसली. डोळे मात्र दोघींचेही भरले होते.

"आन् त्या दोन नव्या? त्यांचं काय करायचं?" मी विचारलं.

तिनं सुपातली एक शेंग उचलली. "त्याबी आपल्याच की. चौघी बसवू. जागा लय हाय." मग आतल्या खोलीकडे बघत म्हणाली, "महालक्ष्म्या बसवायच्या दिवशी सकाळच्या गाडीनं ये. पोरीला घेऊन ये. लय दिवस झाले, तिला जेवू घातलं न्हाई मी."