चार दिवस प्रश्न बंद, मुक्काम नारायणगुडा

नवऱ्याला हैदराबादेत नोकरी लागली आणि घरात प्रत्येकाला एकेक मत फुटलं. आमची सई सहा वर्षांची. तिला समजतं सगळं, पण तोंडातून शब्द मोजकेच निघतात. पुण्यातले डॉक्टर म्हणाले होते, हिच्या कानावर एकच भाषा पडू द्या. मग चौकाचौकात भाषा बदलणाऱ्या गावी तिला न्यायचं, की नवऱ्याने एकट्यानेच जायचं? तिथली एक शाळा बघून ते ठरवायला मी सईला घेऊन निघाले.

जाणार असाल तर दिवसाची बस धरा आणि सोलापूरला नीट जेवून घ्या, शेंगाचटणी बांधूनही घ्या. जहीराबादच्या पुढे पाट्या वाचता येईनाशा झाल्या आणि माझी एम.ए.ची पदवी तिथेच संपली. गौलीगुड्याजवळच्या बसस्थानकावर उतरलं की रिक्षाचं भाडं आधी ठरवायचं, नंतर बोलून उपयोग नसतो.

नवऱ्याची आत्या नारायणगुड्यात राहते. तिचं सासर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "कायकू परेशान होतेस गं? आधी चहा पी. इस्कूल कुठं पळून चाललंय?"

शाळा मागच्याच गल्लीत होती. तिथल्या पद्मा टीचर तेलुगू, पण आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलायच्या. मी कौतुकाने सईची बोलणारी पाटी काढली. तिच्यावरचा चित्राचा चौकोन दाबला की मी भरलेला शब्द माझ्या आवाजात ऐकू येतो. "सई, टीचरना दाखव बरं, हे काय? आणि हे?" सई खिडकीबाहेर बघत बसली. घरी पाहुण्यांसमोर बसते तशीच.

"पूछना नक्को अम्मा," टीचर म्हणाल्या. "बच्ची का इम्तेहान है क्या? चार दिन खाली बोलो, पूछो मत." म्हणजे चार दिवस नुसतं बोलायचं, विचारायचं काही नाही.

त्यांच्या वर्गात त्या दिवशी चिंच होती. मुलांनी ती हाताळली, चाखली, कोळली, तोंडं वाकडी केली. टीचर तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, पण म्हणून दाखव असं कोणालाच सांगत नव्हत्या. मला कळेना, विचारायचंच नाही तर पोरीला येतंय हे समजणार कसं?

संध्याकाळी आत्याकडे सईला भरवायला बसले आणि लक्षात आलं. हे काय, ते काय, रंग कोणता, हे सोडून माझ्याकडे तिच्याशी बोलायला काहीच नव्हतं. फार वाईट वाटलं. शेवटी मी तिला बसमध्ये चटणी सांडली त्याची गोष्ट सांगितली. ती हसली.

दुसऱ्या दिवशी टीचरनी पाटी नीट पाहिली. "इसमें सब जवाब हैं. बच्ची का सवाल किधर है?" मग एका रिकाम्या चौकोनात त्यांनी माझ्याकडूनच भरून घेतलं, "हे काय?" मला विचारायला बंदी आणि तिला मुभा, हा कुठला न्याय, ते माझ्या डोक्यात शिरेना.

आत्या आम्हाला जामबागेतल्या फुलबाजारात घेऊन गेली. सकाळी लवकर जा, पायात जुन्या चपला घाला. मोगऱ्याच्या ढिगाशी सईने 'हे काय?'चा चौकोन दाबला. मी सांगितलं. शेवंती सांगितली. मग तिने एका हिरव्या जुडीवर बोट ठेवलं आणि मला नाव येईना.

"मरुवम," फुलवाली म्हणाली.

"मरवा की गं. पुण्याला नाही मिळत?" आत्या म्हणाली.

सईने जुडी नाकाशी धरली आणि पुन्हा दाबलं. आत्याने आणि मी दोन्ही नावं सांगितली. ती दाबतच राहिली, फुलवाली हसून सांगत राहिली. डॉक्टर बघतील तर काय म्हणतील, ही धाकधूक माझ्या मनात होतीच.

मरवा हा शब्द सईने अजून म्हटलेला नाही. डॉक्टर बरोबर की टीचर, तेही मला सांगता येणार नाही. या सहलीचा हिशेब विचाराल तर मी गेले त्याहून जास्त गोंधळून परत आले.

परवा शेजारच्या काकू आल्या. आम्ही हैदराबादेहून आणलेलं बिस्किटांचं खोकं उचलून सईला म्हणाल्या, "सांग बरं, हे काय?" सई उठली, पाटी घेऊन आली आणि दाराशी रचलेल्या रिकाम्या खोक्यांपाशी उभी राहिली. नवऱ्याने ती आपल्या एकट्याच्या सामानासाठी आणली होती. तिने चौकोन दाबला.

"हे काय?" माझ्याच आवाजात मला प्रश्न.

"खोकी," मी म्हणाले. "आपल्या तिघांचं सामान भरायला."